तुमच्याबद्दल वाईट कोण बोलतं?

घागबाई नोकरीसाठी आल्या तेव्हा मुलाखत मी घ्यायची होती. त्यांनी खुर्ची ओढली, पर्स मांडीवर ठेवली आणि विचारलं, "खालच्या मेडिकलवाल्याशी तुमचं काय बिनसलंय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. वर यायच्या आधी त्याच्याकडे बसून आले. तुमची स्कूटर त्याच्या शटरसमोर लागते. जिन्यातला दिवा तुम्ही मालवत नाही. सणासुदीलासुद्धा हसून बोलत नाही. आणखी काही आठवतं का बघ म्हटलं, तर बिचाऱ्याने खूप डोकं खाजवलंन, पण एवढंच निघालं." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "तर कधीपासून येऊ?"

मी सोमवारपासून या म्हटलं. स्कूटरही तेव्हापासून दुसरीकडे लावते.

माझा धंदा समजायला अवघड नाही, पण रत्नागिरीत कुणाला सांगायला गेलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय आंब्यावर नेतो. परदेशातल्या कंपन्यांना कागदपत्रांची भाषांतरं हवी असतात. त्यांना भाषांतरकार शोधून द्यायचे, एवढंच माझं काम. मी स्वतः भाषांतर करत नाही. पुण्याला अशाच एका कंपनीत बरीच वर्षं काढली, सासूबाईंच्या आजारपणात इथे आलो ते राहिलोच, आणि मारुती मंदिराजवळ दोन खोल्या घेऊन मी हेच काम सुरू केलं. माणूस दिसत नाही, भेटत नाही, त्याची भाषा आपल्याला येत नाही, आणि तरी तो खरा आहे की खोटा हे ठरवायचं. त्यासाठी मला कोणीतरी संशयी माणूस हवा होता. त्या बाबतीत बाईंच्या तोडीचं दुसरं कोणी मी आजवर पाहिलेलं नाही.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉल जोडून देण्याच्या काळात त्या ऑपरेटर होत्या. आवाज घोटीव, इंग्रजी कामापुरतं पण न अडखळणारं. चिपळूण, दापोली, राजापूर, देवरूख, प्रत्येक एक्स्चेंजमध्ये त्यांची एक तरी मैत्रीण होती आणि या मैत्रिणींच्या जोरावर निम्म्या जिल्ह्यातल्या सोयरिकी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्या मध्यस्थ नव्हेत. स्थळ कधी सुचवायच्या नाहीत. मुलीचा बाप येऊन मुलाचं नावगाव सांगायचा आणि बाई चौकशी करून निरोप पाठवायच्या, "करा" किंवा "दुसरं बघा." कारण विचारलेलं त्यांना आवडायचं नाही.

चौकशीची त्यांची एक रीत होती. मुलाच्या घरी, त्याच्या ऑफिसात, शेजारीपाजारी विचारायचं नाही. त्याच्या भाऊबंदाला गाठायचं.

"आईबाप सांगणार, मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही," त्या म्हणायच्या. "शेजारी सांगणार, देवमाणूस. त्याला तिथेच राहायचंय ना उद्या. भाऊबंद मात्र तोंडभर शिव्या घालतो. जमिनीची केस चालू असली तर फारच छान. घालू द्याव्यात. नीट ऐकायच्या. वैऱ्याला जेवढं वाईट सापडलं, तेवढंच त्या घरात वाईट. त्याच्या पलीकडे असतं तर त्याने सोडलं असतंन काय?"

"आणि कोणीच वाईट बोललं नाही तर?"

"चहासुद्धा न पिता उठायचं."

त्यामागे त्यांच्या एका मावसबहिणीची गोष्ट होती. मुलाबद्दल सगळं गाव एका तोंडाने चांगलं बोललं होतं. लग्न झालं आणि वर्ष फिरायच्या आत ती माहेरी परत आली. मुलाला फिट्स येतात हे पोस्टमनपासून सरपंचापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं. बाईंनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता सांगावी तशी. शेवटी एवढंच म्हणाल्या, "गाव एका तोंडाने बोलायला लागलं की समजावं, काहीतरी झाकतंय."

माझ्या ऑफिसात त्यांनी हीच रीत लावली. अर्ज केलेल्या भाषांतरकाराला त्या स्पेनला फोन लावोत की पोलंडला, शेवटचा प्रश्न ठरलेला: "तुमच्याबद्दल वाईट कोण बोलतं?" काहीजण फोन आपटायचे. काही हसायचे. एकदोघांनी खरंच नावं सांगितली, आणि ते आजही माझ्याकडे काम करतात. सुरुवातीला मी त्यांना आडून आडून सांगून पाहिलं की तिकडे असं विचारत नाहीत. "तिकडे म्हणून तर घटस्फोट जास्त," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे येतात ते बहुतेक पेटंटचे कागद. कुणी नवं यंत्र शोधून काढतो. दुसऱ्याने त्याची नक्कल करू नये म्हणून सरकारदरबारी हक्क मागतो. ज्या देशात हक्क हवा त्या देशाच्या भाषेत कागद द्यावे लागतात. त्या कागदाच्या शेवटी 'दावे' असतात. यंत्रातलं नेमकं काय माझं, हे त्यात लिहिलेलं असतं आणि कोर्टात तेवढंच धरलं जातं. बाईंना मी हे समजावून सांगायला लागले तर मधेच थांबवून म्हणाल्या, "कळलं. दावे म्हणजे गडगा. एक शब्द आत घेतलान की तेवढी जमीन गेली."

गडगा म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली कुंपणभिंत, आणि गडगा हा बाईंच्या आयुष्यातला मोठा विषय होता. देवरूखच्या अलीकडे त्यांचं सासर. नवरा गेल्यावर तिथली आंब्याची चार कलमं आणि अर्ध्या वाटणीचं घर त्यांच्याकडे आलं. पलीकडे त्यांचे धाकटे दीर, यशवंत घाग. मुंबईला एका शिपिंग कंपनीत नोकरी करून गावी येऊन राहिलेले. मधला गडगा दर पावसात थोडा ढासळायचा, दीर तो पावसानंतर पुन्हा रचायचे, आणि रचताना तो थोडा बाईंच्या बाजूला यायचा. "माझ्या गडग्याला पाय आहेत," बाई म्हणायच्या. केस देवरूखच्या कोर्टात होती, आणि ती लागल्यापासून दीर-भावजय एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. रविवारी गावी जाऊन आल्या की सोमवारी आमच्याकडे दिरांचा पाढा. पडलेला आंबा कुणाचाही असो, उचलतो. नेलेली शिडी आणून देत नाही. सत्यनारायणाला बसून गुरुजींच्या चुका काढतो. आम्ही डबा खाता खाता ऐकायचो. यशवंत घागांना मी पाहिलं नव्हतं, पण बाजारात दिसले असते तर ओळखले असते.

तर मिलानचं काम. तिथल्या एका वकिलांच्या फर्मचा मेल आला. त्यांच्या अशिलाचा, एका म्हाताऱ्याचा, छोटा कारखाना होता आणि त्याने जर्दाळूची बी गर न फाडता वेगळी करायचं यंत्र बनवलं होतं. ("म्हणजे बाठा काढायचं," बाई म्हणाल्या.) एक बडा कारखानदार तसंच यंत्र चेक देशात आणणार अशी म्हाताऱ्याला धास्ती होती. आपल्या देशात पहिला अर्ज केल्यावर वर्षाच्या आत परदेशात अर्ज करावा लागतो. ते वर्ष संपत आलं होतं. मुदत चुकली तर त्याचं यंत्र त्या देशात वाटेल त्याने बनवावं. आधीच्या एजन्सीने ऐन वेळी हात वर केले होते. वकिलांनी मला स्पष्ट लिहिलं: हे नीट झालं तर पुढचं सगळं काम तुमच्याकडे, नाही झालं तर पुन्हा लिहू नका.

इटालियनमधून इंग्रजीत आणणारे पुष्कळ. इंग्रजीतून चेकमध्ये नेणारेही बऱ्यापैकी. पण इटालियनमधून थेट चेकमध्ये, तेही शाफ्ट, चाळणी आणि दात्यांची चाकं समजून, असे किती निघणार? इंग्रजीवरून फिरवून न्यायला वकील तयार नव्हते, आणि बाईही नव्हत्या. "दोनदा गाळलं की चोथाच उरतो."

आम्ही जिथे जिथे विचारलं तिथून नकार आले. कुणी कामात होतं, कुणी पेटंट घेत नव्हतं. मग एके सकाळी पेत्र नावाच्या माणसाचा मेल आला. अभियांत्रिकीची पदवी, रोममध्ये शिक्षण, पेटंटचा मोठा अनुभव, दर वाजवी, मुदत मान्य. मी काही विचारलं की पाच मिनिटांत नम्र उत्तर. मी सुटकेचा श्वास टाकला. बाईंनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं.

"एवढा हुशार आणि एवढा रिकामा? दोन्ही कसं, गो बाय?" मी एव्हाना मॅडमची 'बाय' झाले होते, मॅडम फक्त पाहुण्यांसमोर.

"नशीब म्हणा आपलं."

"नशीब मेल करत नाही."

आणि त्यांनी फोन उचलला. ज्यांनी आम्हाला नकार दिला होता त्यांनाच पुन्हा लावले. "तुम्हाला जमत नाही, हरकत नाही. पण आम्ही लांबची माणसं, फसू. निदान कुणाला काम देऊ नये एवढं तरी सांगा." मी शेजारी बसून ऐकत होते. काम घ्या म्हटल्यावर ज्यांनी दोन ओळीत वाटेला लावलं होतं, तेच लोक आता मोकळे झाले. भलं कुणाचं सांगायचं तर माणूस विचार करतो. वाईट सांगायला वेळ काढतो.

सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. अलेना, ब्रनो शहरात राहणारी. फार प्रश्न विचारते. वकिलांशी हुज्जत घालते. पटलं नाही तर अख्खा कागद परत पाठवते. तिच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप.

पेत्रबद्दल कुणीच काही बोललं नाही. ना चांगलं, ना वाईट. नावच ऐकलं नव्हतं.

"नवीन असेल," मी म्हटलं. मला तो हवा होता.

"चार घरांची वाडी आहे ही. पाचव्या घराचा धूर कुणालाच कसा दिसला नाही?"

त्यांनी पेत्रला कॅमेऱ्यावर बोलायला सांगितलं. कॅमेरा बिघडला होता. फोन? घसा बसला होता. संध्याकाळपर्यंत बाईंनी त्या नावाचा खरा माणूस हुडकून काढला. तो भाषांतर सोडून मुलीकडे राहायला गेला होता आणि आपल्या नावाने कुणीतरी दुकान मांडलंय हे ऐकून सर्द झाला. आमच्या धंद्यात हे चालतं. चांगल्या माणसाचा बायोडेटा उचलायचा, मेलचा पत्ता आपला घालायचा, आणि काम आलं की कॉम्प्युटरवर आपोआप होणारं भाषांतर काढून द्यायचं. म्हाताऱ्याचं पेटंट त्या हातात गेलं असतं तर दावे कुठल्या कुठे गेले असते, आणि आम्हाला चेक येत नसल्यामुळे कळलंही नसतं.

मी अलेनाला लिहिलं. तिने नमुन्याचं एक पान मागवलं आणि भाषांतराबरोबर भाषांतराहून लांब प्रश्न पाठवले. पातं फिरतं की पिंप फिरतं? दोन्ही फिरत असतील तर एकाच दिशेने का? मी खूश. म्हटलं, आता पुरे, काम सुरू करू.

"भाऊबंद राहिला," बाई म्हणाल्या.

"बाई, त्या बाईला कुठून भाऊबंद आणायचा?"

मला वाटलं विषय संपला. बाईंच्या लेखी अर्धी चौकशी म्हणजे चौकशी नव्हे. त्यांना कुठेतरी सापडलं की अलेना पूर्वी कारेल नावाच्या माणसाबरोबर भाषांतराचा व्यवसाय करत होती. दोघांचं आडनाव एकच, फक्त तिकडच्या रीतीप्रमाणे तिच्या आडनावाला शेवटी 'ओवा' लागलेला, पत्ता एकच. आता दोघांचे व्यवसाय वेगळे, पत्तेही वेगळे. बाईंनी सरळ हिशेब केला: दीर-भावजय. वाटण्या झाल्यात. आणि अनोळखी कारेलला फोन लावून विचारलं की अलेना माणूस म्हणून कशी आहे, जमिनीचा वगैरे काही वाद आहे का.

तो दीर नव्हता. घटस्फोट झालेला नवरा होता.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवून अलेनाला कळवलं. तिचा फोन मला आला. आवाज चढलेला नव्हता, तोच जास्त वाईट. ती म्हणाली, "मी प्रामाणिक आहे का, हे तुम्ही त्या माणसाला विचारलंत. आमच्याकडे हे कायद्यात बसत नाही, आणि माणुसकीतही नाही. दुसरं कोणी शोधा."

दुसरं कोणी नव्हतं. मुदत तोंडावर आली होती. मी बाईंवर तोंडसुख घेतलं. एवढा आवाज मी ऑफिसात कधी चढवला नव्हता. खालचा मेडिकलवाला जिन्यात येऊन उभा राहिला. "हे लग्न नाही, बाई! हा कागद आहे!"

"लग्नच आहे," त्या म्हणाल्या. "एका अनोळखी बाईच्या हाती एका म्हाताऱ्याचं सगळं द्यायचंय. मी विचारलं ते बरोबरच. माणूस चुकला." मग म्हणाल्या, "पण तिचंही खरं. आपण तिची चौकशी केली, तिला आपली कुठे करता आली? मुलीकडच्यांनीसुद्धा केलीच पाहिजे."

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी अलेनाला फोन लावला. बोलत होत्या ते त्यांचं टेलिफोन खात्याचं इंग्रजी, वाक्यं छोटी, प्रत्येक शब्द वेगळा. "मॅडम, मी तुमच्या वैऱ्याला विचारलं. तुम्ही माझ्या वैऱ्याला विचारा. तो माझा दीर आहे. आमची कोर्टात केस आहे. कित्येक वर्षं आम्ही बोललो नाही. त्याला इंग्रजी येतं. नंबर लिहून घ्या."

पलीकडून पेन उघडल्यासारखा टक् आवाज आला.

मी हात जोडायचे बाकी ठेवले होते. "तुम्हाला कळतंय का? तो माणूस तुमच्याबद्दल काय वाटेल ते सांगेल. आपलं काम गेलं."

"सांगेल. खोटंही सांगेल. पण कुठे थांबायचं ते भावोजींना ठाऊक आहे."

"आणि नाही थांबले तर?"

"तर मी निम्म्या जिल्ह्याच्या पोरींना चुकीचं सांगत आले म्हणायचं," बाई म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या. अर्धा डबा मात्र त्यांनी तसाच झाकून ठेवला.

अलेनाचा फोन संध्याकाळी आला. मी स्पीकरवर टाकला. तिच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं.

"तुमचे दीर पुष्कळ बोलले," ती म्हणाली. "तुम्ही भांडखोर आहात. हट्टी आहात. पायरीवर बसून त्यांच्या झाडाचे आंबे मोजता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांचं न ऐकता त्यांना पेज भरवलीत. कुणाच्याही घरात नाक घालता. एका भिंतीचं काहीतरी सांगत होते, ते मला समजलं नाही."

"गडगा," बाई पुटपुटल्या.

"मग मी विचारलं, ही बाई खोटं बोलते का? ते थांबले. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, ती कधी एकदा तरी खोटं बोलली असती, तर केस मी केव्हाच जिंकलो असतो."

बाईंनी फोन आपल्याकडे ओढला. अलेना म्हणाली, "कागद पाठवा. पण प्रश्न मी विचारणार." आणि तिने विचारलेही. त्या प्रश्नांतून निघालं की चाळणीचा मजकुरातला आकडा आणि चित्रातला आकडा जुळत नव्हता. मिलानच्या वकिलांनी तो मुकाट्याने दुरुस्त केला. अर्ज मुदतीत दाखल झाला. म्हाताऱ्याने आम्हाला आपल्या यंत्राचा फोटो पाठवला. बाईंनी तो बघून एवढंच विचारलं, हापूसला चालेल का.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना बाई म्हणाल्या, "बघितलंस? केस माझी खरी आहे हे कबूल केलंन. आणि ते परक्या बाईकडे. कोर्टात सांगायला काय झालं होतं मेल्याला?" त्यांच्या रविवारच्या कागाळ्या मात्र तशाच चालू राहिल्या. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "गडगा सरकवतो. पण विहीर त्याच्या हद्दीत असून माझं पाणी एक दिवस अडवलंन नाही. केस लागली त्या दिवशीसुद्धा नाही." आणि लगेच, "शिडी मात्र अजून दिलेली नाही."

गेल्या वर्षी आंब्याचा हंगाम संपता संपता बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. मुलगा मुंबईहून आला, सगळं गावी झालं. यशवंत घागांना मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. ओळखायला अडचण आली नाही. स्मशानात ते सगळ्यांच्या पुढे होते. परतताना आपल्या वेगळ्या वाटेने गेले. केस आता मुलाच्या नावावर चालते.

पुढे काही महिन्यांनी ते माझ्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. बसा म्हटलं तरी उभेच.

"नातीला स्थळ आलंय. लांज्याकडचं. मुलगा बरा आहे. पण ती माणसं गावात चौकशी करून गेली आणि गप्प झाली."

"कुणी वाईट बोललं का?"

"तेच तर!" ते छत्री आपटून म्हणाले. "सगळे चांगलंच बोलले. वाईट बोलणारं गावात कोणी उरलंच नाही, पुतण्या मुंबईला. त्यांना संशय आलाय, काहीतरी झाकतायत म्हणून. वैनी असती तर तिच्याकडे पाठवलं असतं. तिने पोटभर सांगितलं असतंन." मग खुर्चीच्या कडेवर बसले. "ती तुमच्याकडे रोज बोलत असेल माझ्याबद्दल. त्यांना इथे पाठवू?"

"मी काय सांगू?"

"सगळं. मला सांभाळून घेऊ नका."

मुलाकडचे दोघं आले, मुलाची आत्या आणि तिचे यजमान. आत्या खुर्चीवर नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, "घागांचं घर कसं आहे हो?" मी सांगितलं. गडगा सरकवतात. पडलेला आंबा सोडत नाहीत. शिडी नेली की आणून देत नाहीत. गुरुजींना पूजा शिकवतात. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी बाईंच्याच चालीत बोलते आहे. आत्यांचा चेहरा उजळत गेला. सगळं झाल्यावर त्यांनी पर्स उचलली, पण उठल्या नाहीत. "आणि?" म्हणाल्या.

मी विहिरीचं सांगितलं.

संध्याकाळी घागांचा फोन आला. लांज्याहून होकार आला होता. "काय काय सांगितलंत?"

"सगळं."

"गडगा?"

"तोही. शिडीसुद्धा."

"शिडी तिचीच होती," ते म्हणाले. "आणखी?"

"विहिरीचं सांगितलं. पाणी कधी अडवलं नाहीत ते."

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाईंनी."

"ते सांगायला नको होतं तुम्ही," ते म्हणाले. "त्यांना वाटेल, वैनीचं नि माझं आधीच काही ठरलं होतं."

फोन मात्र त्यांनी लगेच ठेवला नाही.